बाय-ॲम्पिंगमध्ये दोन वेगळ्या ॲम्प्लिफायरची पातळी कशी जुळवायची

एकाच स्पीकरच्या वूफरला (खालचे सूर वाजवणारा भाग) एक ॲम्प्लिफायर आणि ट्वीटरला (वरचे सूर वाजवणारा भाग) दुसरा, अशी जोडणी केली की त्याला बाय-ॲम्पिंग म्हणतात. दोन्ही ॲम्प एकाच मॉडेलचे असतील तर फारसा प्रश्न येत नाही. पण बऱ्याचदा हाताशी असतो एक दणकट ट्रान्झिस्टर ॲम्प आणि एक छोटा व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूबचा) ॲम्प, आणि दोघांची जोडी लावावीशी वाटते. जोडणी होते, आवाजही येतो, पण डग्गा मागे पडलेला आणि झांजा अंगावर येणाऱ्या. किंवा नेमकं उलट: सगळं जड, गायकाच्या आवाजावर पांघरूण घातल्यासारखं. मग केबल बदलून बघणं सुरू होतं, स्पीकर पुढे-मागे सरकवणं सुरू होतं. दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे. दोष बहुतेक वेळा दोन ॲम्पच्या गेनमधल्या फरकाचा असतो, आणि तो फरक साध्या मल्टिमीटरने तासाभरात मोजून काढून टाकता येतो.

वॉट आणि गेन, दोन निराळ्या गोष्टी

आत आलेलं व्होल्टेज ॲम्प किती पटीने वाढवतो, तो त्याचा गेन. २० पट म्हणजे २६ डेसिबल, ४० पट म्हणजे ३२ डेसिबल. वॉटचा आकडा वेगळंच सांगतो: हे व्होल्टेज वाढत वाढत जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकतं. ‘जास्त वॉटचा ॲम्प जास्त मोठा वाजणार’ हा समज सगळ्यात जास्त घोळ घालतो, म्हणून एक हिशेब करूनच बघू.

वॉटला ओहमने गुणून वर्गमूळ काढलं की व्होल्ट मिळतात. १०० वॉटचा ॲम्प ८ ओहमवर पूर्ण ताकदीने २८.३ व्होल्ट देतो. त्याच्या माहितीपत्रकात इनपुट सेन्सिटिव्हिटी (पूर्ण ताकदीसाठी आत लागणारं व्होल्टेज) १.४१ व्होल्ट दिली असेल, तर २८.३ भागिले १.४१, म्हणजे २० पट. शेजारचा ५० वॉटचा ॲम्प पूर्ण ताकदीने २० व्होल्टच देतो, पण त्याला तिथवर पोचायला ०.५ व्होल्ट पुरत असतील तर त्याचा गेन ४० पट झाला. प्रीॲम्पची (ॲम्पच्या आधी बसून आवाज कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाची) नॉब एकाच जागी असताना हा निम्म्या वॉटचा ॲम्प ६ डेसिबलने मोठा वाजणार. तो ट्वीटरला जोडला असेल तर झांजा अंगावर का येतात ते यातच आलं.

माहितीपत्रकावरून अंदाज येतो, जुळणी होत नाही. छापलेला आकडा आणि समोरचा ॲम्प यांत थोडाफार फरक असतोच, शिवाय डाव्या-उजव्या चॅनेलमध्येही असू शकतो. जुळणी पाव डेसिबलच्या आत आणायची, म्हणजे व्होल्टमध्ये साधारण ३ टक्क्यांच्या आत. इतकी बारकाई कशाला, असं वाटेल. एखादाच सूर अर्ध्या डेसिबलने वर गेला तर तो कळणं अवघड आहे, पण इथे क्रॉसओव्हरच्या (खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे वाटून देणारा गाळप) वरचा सगळाच्या सगळा पट्टा एकदम वर किंवा खाली सरकतो. तेव्हा अर्धा डेसिबलही स्पीकरचा स्वभाव बदलून टाकतो.

आधी कुठली पद्धत आहे ते ठरवा

पॅसिव्ह बाय-ॲम्पिंगमध्ये स्पीकरच्या पेटीतला क्रॉसओव्हर तसाच राहतो. दोन्ही ॲम्पना पूर्ण सिग्नल मिळतो आणि गाळण्याचं काम ॲम्पनंतर, पेटीच्या आत होतं. वूफर आणि ट्वीटरच्या सेन्सिटिव्हिटीतला (तेवढ्याच व्होल्टेजवर कोण किती मोठा वाजतो त्यातला) फरक स्पीकर बनवणाऱ्याने त्या क्रॉसओव्हरमध्येच भरून काढलेला असतो. त्यामुळे इथे ध्येय सोपं आहे: दोन्ही ॲम्पचा गेन सारखा.

ॲक्टिव्ह पद्धतीत क्रॉसओव्हर ॲम्पच्या आधी येतो आणि प्रत्येक ॲम्प थेट आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे वूफरला किंवा ट्वीटरला, जोडलेला असतो. तिथे नुसता सारखा गेन पुरत नाही. त्याकडे पुढे येऊ.

पॅसिव्ह पद्धतीत एक गोष्ट आधी करायची, आणि ती करेपर्यंत ॲम्प चालू करायचा नाही. स्पीकरच्या मागे टर्मिनलांच्या दोन जोड्या असतात आणि त्या धातूच्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. लाल बाजूची आणि काळ्या बाजूची, दोन्ही पट्ट्या काढा. एक जरी लाल पट्टी राहिली तर एका ॲम्पचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या आउटपुटला जोडलं जातं. दोघांमध्ये किंचितही फरक असला की ते एकमेकांत करंट ढकलतात आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. काळी पट्टी निरुपद्रवी दिसते, पण एखादा ॲम्प ब्रिज प्रकारचा असेल तर त्याच्या काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो. पट्ट्या काढल्यावर मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही लाल टर्मिनलांमध्ये आणि दोन्ही काळ्या टर्मिनलांमध्ये जोड उरलेला नाही, हे तपासून घ्या.

मोजणी

लागतं ते एवढंच: एसी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर, २०० हर्ट्झचा साइन टोन (फाइल किंवा ॲप), आणि व्हॉल्व्ह ॲम्प असेल तर ८ ओहम, १० वॉटचे दोन रेझिस्टर.

२०० हर्ट्झच का? कारण बरेच साधे मल्टिमीटर एसी व्होल्ट साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच खात्रीने मोजतात. १ किलोहर्ट्झवर त्यांचा आकडा खाली घसरू शकतो आणि ५ किलोहर्ट्झवर तर त्याला काही अर्थच उरत नाही. ५० किंवा ६० हर्ट्झ वापरू नका, कारण विजेच्या मेन्सची गुणगुण त्यातच मिसळते आणि आकडा फुगतो. पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सींचा मिळून होणारा सुरसुराट) या कामाला चालत नाही, आकडा एका जागी थांबत नाही.

दोन्ही ॲम्पच्या स्पीकर केबल काढून ठेवा. ट्रान्झिस्टर ॲम्प आउटपुटला काही न जोडता चालवला तरी चालतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेला व्हॉल्व्ह ॲम्प मात्र लोडशिवाय कधीही चालवू नका, ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून तो आणि व्हॉल्व्ह दोन्ही निकामी होऊ शकतात. त्याच्या ८ ओहमच्या टर्मिनलांवर तो रेझिस्टर लावा. २ व्होल्टला त्यात अर्धाच वॉट जिरतो, त्यामुळे तो जेमतेम कोमट होतो. काही जण रेझिस्टरऐवजी ट्वीटरच जोडून ठेवतात. तिथे मोजणी फसते: २०० हर्ट्झला ट्वीटरच्या वाटेतला कपॅसिटर जवळपास काहीच करंट जाऊ देत नाही, म्हणजे ॲम्पच्या दृष्टीने लोड नसल्यातच जमा.

आता प्रीॲम्पमधून दोन्ही ॲम्पना नेहमी वापरणार त्याच केबलांनी, त्याच सॉकेटांतून सिग्नल द्या. हे महत्त्वाचं आहे. बऱ्याच उपकरणांत एक्सएलआर (तीन पिनांच्या) आणि आरसीए (एका पिनेच्या) जोडणीत ६ डेसिबलचा फरक पडतो, त्यामुळे आरसीएवर मोजून एक्सएलआरवर ऐकलं तर सगळी मेहनत पाण्यात. टोन कंट्रोल आणि लाउडनेस बंद, बॅलन्स मध्यावर. व्हॉल्व्ह ॲम्पला तापायला २० ते ३० मिनिटं द्या. टोन चालू करून आवाज हळूहळू वाढवा. कमी गेनचा ॲम्प साधारण २ व्होल्टवर आला की थांबा. यानंतर चारही आकडे लिहून होईपर्यंत प्रीॲम्पच्या नॉबला हात लावायचा नाही.

समजा आकडे असे आले: व्हॉल्व्ह ॲम्प डावा २.००, उजवा २.०३. ट्रान्झिस्टर ॲम्प डावा २.८३, उजवा २.८१. डेसिबलमधला फरक म्हणजे दोन व्होल्टेजच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम गुणिले २०. २.८३ भागिले २.०० म्हणजे १.४१५, म्हणजे ३ डेसिबल. लॉगॅरिदम नको असेल तर एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं: १.०३ पट म्हणजे पाव डेसिबल, १.०६ म्हणजे अर्धा, १.१२ म्हणजे १, १.४१ म्हणजे ३ आणि २ पट म्हणजे ६ डेसिबल. व्हॉल्व्ह ॲम्पच्या दोन चॅनेलमधला २.०० आणि २.०३ हा फरक जेमतेम ०.१३ डेसिबलचा आहे, त्याच्या मागे लागायचं कारण नाही.

उलटा सिग्नल

सिग्नलच्या केबल जोडलेल्या आहेत तोवर एक तपासणी उरकून घ्या. काही ॲम्प सिग्नल उलटा करून देतात, अधिकचं उणे आणि उण्याचं अधिक. दोघांपैकी एकच असा असेल तर क्रॉसओव्हरच्या आसपास जिथे वूफर आणि ट्वीटर मिळून वाजतात, तिथे ते एकमेकांना खोडतात आणि नेमका गायकाच्या आवाजात खड्डा पडतो. गेन कितीही जुळवला तरी तो भरत नाही.

मल्टिमीटरची एक तार एका ॲम्पच्या डाव्या लाल टर्मिनलला आणि दुसरी दुसऱ्या ॲम्पच्या डाव्या लाल टर्मिनलला लावा. दोघं सरळ असतील तर मीटर फक्त फरक दाखवतो, वरच्या उदाहरणात ०.८ व्होल्टच्या आसपास. एक उलटा असेल तर बेरीज दिसते, ४.८ च्या आसपास. दोन आकडे इतके लांब आहेत की चूक व्हायला जागाच नाही. उलट्या ॲम्पची लाल-काळी तार स्पीकरच्या टोकाला, दोन्ही चॅनेलवर, अदलाबदल केली की काम झालं. ही युक्ती चालण्यासाठी दोन्ही ॲम्पचं काळं टर्मिनल आपापल्या ग्राउंडला जोडलेलं हवं. ॲम्प बंद करून काळं टर्मिनल आणि आरसीए सॉकेटची बाहेरची कडी यांच्यात ओहम मोजा, जवळपास शून्य यायला हवेत. ब्रिज प्रकारच्या आणि बऱ्याच क्लास-डी ॲम्पमध्ये तसं नसतं, तिथे ही मोजणी करू नका.

जास्त गेनवाल्याला खाली आणायचं

नेहमी मोठा कमी करायचा. ॲम्पला स्वतःची गेनची नॉब असेल, स्टेज-शोच्या ॲम्पला ती असतेच, तर ती फिरवून आकडा जुळवा, जागेवर चिकटपट्टी लावा, संपलं. इंटिग्रेटेड ॲम्पची व्हॉल्यूमची नॉब या कामाला वापरता येते, पण ती कोणाचा ना कोणाचा हात लागून हलतेच. त्यात मेन-इन किंवा थेट पॉवर ॲम्पमध्ये जाणारं इनपुट असेल तर तेच वापरा.

नॉब नसेल तर दोन रेझिस्टरचा विभाजक हा सगळ्यात भरवशाचा उपाय. एक रेझिस्टर सिग्नलच्या वाटेत ओळीने, आणि त्याच्या पलीकडे दुसरा सिग्नलपासून ग्राउंडला. इथे हमखास होणारी चूक अशी की ॲम्पचा स्वतःचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा त्याचा विरोध, ओहममध्ये) हिशेबात धरायचा राहून जातो. तो ग्राउंडकडच्या रेझिस्टरला समांतर येतो. ग्राउंडकडे १० किलोओहम आणि ॲम्पचे ४७ किलोओहम मिळून ८.२५ किलोओहम होतात, आणि हिशेब त्यावर करायचा. ओळीत ३.३ किलोओहम ठेवला तर ८.२५ भागिले ११.५५ म्हणजे ०.७१४, म्हणजे २.९ डेसिबलची घट. ओळीत ८.२ किलोओहम ठेवला तर बरोबर ६ डेसिबल. १.५ किलोओहम ठेवला तर जवळपास दीड डेसिबल. वरच्या उदाहरणात ३.३ किलोओहम लावल्यावर ट्रान्झिस्टर ॲम्पचे आकडे २.०२ आणि २.०१ येतील, व्हॉल्व्हचे २.०० आणि २.०३. दोन्ही बाजूंना फरक ०.१ डेसिबलच्याही आत.

रेझिस्टर मेटल फिल्मचे, १ टक्क्याचे घ्या. पाव वॉटचे पुरतात. ते केबलच्या ॲम्पकडच्या टोकाला बसवा, आरसीए प्लगच्या पोटात मावतात. तिथे सोल्डर करताना ओळीतल्या रेझिस्टरच्या उघड्या पायाला बारीक स्लीव्ह घाला, नाहीतर प्लगचं टोपण आवळताना तो ग्राउंडला टेकतो आणि चॅनेल मुका होतो. एक्सएलआरसाठी २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांच्या वाटेत एकेक सारखा रेझिस्टर आणि त्यांच्या पलीकडे दोन्ही पिनांच्या मध्ये तिसरा. ओळीतले दोघे मोजून अगदी सारखे निवडा, नाहीतर बॅलन्स्ड जोडणीची गुणगुण मारण्याची ताकद कमी होते. रेझिस्टरऐवजी पोटेन्शिओमीटर लावायचा तर १० किलोओहमचा घ्या. ५० किलोओहमचा मध्यावर ठेवला आणि पुढे लांब केबल असली तर वरच्या फ्रिक्वेन्सी गळू लागतात.

विभाजक लावल्यावर प्रीॲम्पवरचा भार वाढतो. एका ॲम्पचे ४७ आणि विभाजकाचे ११.५ किलोओहम समांतर मिळून ९.३ किलोओहम होतात. ट्रान्झिस्टर प्रीॲम्पला त्याचं काही वाटत नाही. व्हॉल्व्ह प्रीॲम्पच्या आउटपुटला मात्र कपॅसिटर असतो. तो ०.४७ मायक्रोफॅरडचा असेल तर दोन ४७ किलोओहमच्या ॲम्पवर ३ डेसिबलची घट १४ हर्ट्झला येते, पण ९.३ किलोओहमवर ती ३६ हर्ट्झला येते. म्हणजे गेन जुळला आणि खालचा बास गेला. अशा वेळी सगळे रेझिस्टर मोठे करा: ग्राउंडकडे ४७ आणि ओळीत १० किलोओहम ठेवले तर ४७ किलोओहमच्या ॲम्पवर घट ३.१ डेसिबल येते आणि भार बराच हलका होतो.

व्हॉल्व्ह ॲम्पचा गेन लोडवर हलतो

ट्रान्झिस्टर ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स नगण्य असतो, लोड ४ ओहम असो की १६, व्होल्टेज जवळपास तेच राहतं. कमी फीडबॅकच्या (आउटपुटचा थोडाच भाग सुधारणेसाठी परत आत घेणाऱ्या) व्हॉल्व्ह ॲम्पचा तो २ ओहमही असू शकतो. ८ ओहमच्या रेझिस्टरवर जुळवलेला असा ॲम्प प्रत्यक्षात ५ ओहमच्या ट्वीटर विभागावर १ डेसिबलने खाली येतो आणि १२ ओहमवर ०.६ डेसिबलने वर जातो. ट्वीटरचा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो, म्हणून हा चढउतारही त्याच्याबरोबर फिरतो. विभाजकाने तो जाणार नाही. सरासरी पातळी जुळवायची आणि उरलेला फरक त्या ॲम्पचा स्वभाव म्हणून स्वीकारायचा की नाही, ते कानाने ठरवायचं. हा ॲम्प वूफरला न लावता ट्वीटरला लावण्याचं एक कारण हेच: बासमध्ये इम्पिडन्सची उसळी याहून खूप मोठी असते.

छोट्या ॲम्पची मर्यादा

ट्वीटरला ताकद कमी लागते, म्हणून २० वॉटचा ॲम्प भरपूर झाला, हे ॲक्टिव्ह पद्धतीत खरं आहे. पॅसिव्हमध्ये नाही. तिथे ट्वीटरच्या ॲम्पला बासचं व्होल्टेजही पूर्ण वाढवावं लागतं. त्या बासचा करंट ट्वीटरकडे जात नाही एवढंच, व्होल्टेज मात्र ॲम्पच्या आत उभं राहतं. २० वॉटचा ॲम्प १२.६ व्होल्टला आपली मर्यादा गाठतो, १०० वॉटचा २८.३ व्होल्टला. गेन जुळल्यावर दोघांचं व्होल्टेज बरोबरीने चढतं, म्हणजे मोठ्या ॲम्पकडे अजून ७ डेसिबल शिल्लक असताना छोटा सिग्नलचे शेंडे कापू लागतो. ढोलाच्या ठोक्याबरोबर वरचे सूर चरचरीत होत असतील तर कारण बहुधा हेच असतं. गेन कमी-जास्त करून हे सुटत नाही. एकतर आवाज त्या मर्यादेत ठेवायचा, किंवा ट्वीटरच्या ॲम्पच्या आधी बास गाळायचा. तसा गाळप लावला की क्रॉसओव्हरजवळचा फेजही (लहरींची वेळेतली जुळणी) थोडा सरकतो, म्हणून त्याची फ्रिक्वेन्सी क्रॉसओव्हरपेक्षा बरीच खाली ठेवा.

ॲक्टिव्ह पद्धत असेल तर

वर सांगितलेली मोजणी आधी करा, ॲम्प एकमेकांशी जुळवा. २०० हर्ट्झचा टोन मात्र थेट जोडलेल्या ट्वीटरला चुकूनही देऊ नका, ट्वीटर सुटाच हवा. मग ड्रायव्हरचा फरक धरा. वूफर २.८३ व्होल्टला १ मीटरवर ८८ डेसिबल देत असेल आणि ट्वीटर ९२, तर ट्वीटरची बाजू ४ डेसिबलने खाली हवी. हा फक्त आरंभबिंदू. पेटीच्या रुंदीमुळे वूफरचा खालचा भाग आणखी काही डेसिबलने पडतो, त्यामुळे शेवटचा आकडा मायक्रोफोननेच ठरतो. डीएसपीत (सिग्नल डिजिटल पद्धतीने गाळणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये) ०.१ डेसिबलच्या पायऱ्या असतात, पण घट मोठी असेल तर ती डीएसपीच्या पुढे, ॲम्पच्या तोंडाशी रेझिस्टरने करा. त्यामुळे डीएसपीच्या आउटपुटची सुरसुरही तेवढीच खाली जाते. कर्ण्याच्या, जास्त सेन्सिटिव्हिटीच्या ट्वीटरवर हा फरक शांत खोलीत लगेच ऐकू येतो.

शेवटची पडताळणी

पॅसिव्ह पद्धतीत एक सुंदर सोय आहे: बरोबर उत्तर आधीच उपलब्ध असतं. पट्ट्या लावून, एकाच ट्रान्झिस्टर ॲम्पवर स्पीकरचा फ्रिक्वेन्सी आलेख काढा. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मापनाचा मायक्रोफोन पुरतो. मायक्रोफोन ट्वीटरच्या उंचीवर, मीटरभर अंतरावर, स्टँडवर ठेवा आणि मग अजिबात हलवू नका. त्यानंतर सगळं बंद करा, पट्ट्या काढा, दोन्ही ॲम्प जोडा आणि आलेख पुन्हा काढा. दोन रेघा एकमेकींवर ठेवून बघा. वूफरच्या पट्ट्यात जुळल्या आणि क्रॉसओव्हरच्या वर सगळी रेघ समांतर वर किंवा खाली असेल तर गेन अजून जुळलेला नाही. क्रॉसओव्हरपाशीच खोल दरी असेल तर एक ॲम्प उलटा आहे. वरच्या भागात रेघ कुठे वर, कुठे खाली अशी लाटेसारखी असेल तर तो व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स.

रेघा पाव डेसिबलच्या आसपास बसल्या की चारही व्होल्टेज, रेझिस्टरची मूल्यं आणि नॉबची जागा एका कागदावर लिहून ॲम्पच्या टोपणावर चिकटवा. व्हॉल्व्ह बदलला, केबल आरसीएवरून एक्सएलआरवर नेली किंवा प्रीॲम्प बदलला, की २०० हर्ट्झचा टोन लावून चारही आकडे पुन्हा घ्या.